शालनच्या टोपातली ट्यूब

आश्विनातली पौर्णिमा उलटली तरी पाऊस जायचं नाव घेईना. सकाळी खाचरांवर धुकं, दुपारी अंगाची काहिली, आणि चहाची वेळ झाली की सह्याद्रीच्या अंगानं काळं भरून यायचं. दोन गडगडाट करायचा, कापून आडवं टाकलेलं भात भिजवायचा आणि आपण काही केलंच नाही अशा तोंडानं निघून जायचा. वाडीतली माणसं त्याला रोज शिव्या घालत आणि रोज विळे घेऊन खाचरात उतरत.

शालन मात्र त्या सकाळी विहिरीवर होती. विहाराची भांडी घासत होती. वर्षावासाच्या, म्हणजे विहारात पावसाळाभर चालणाऱ्या ग्रंथवाचनाच्या, समारोपाला सगळ्या वाडीची खीर झाली होती आणि खीर बुडाला लागली होती. टोप एवढा थोरला, की शालन आत वाकली म्हणजे बाहेर नुसती तिची पाठ आणि पाय दिसत. हातात नारळाचं सोडण, त्याला राख, आणि टोपातून घुमत येणारा आवाज, की कुनी ढवळली ही खीर, ढवळणाऱ्याचे हात मोडले व्हते काय. ढवळणारा म्हणजे तिचा नवरा रामजी. तो कठड्याशी उभा राहून पाणी शेंदून देत होता आणि अगदी गप्प होता. जन्मभर चिऱ्याची गवंडीकामं केलेला माणूस. कुठल्या दगडावर हातोडा मारू नये ते त्याला कळत होतं.

ही भांडी मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांच्या मंडळानं दिलेली. प्रत्येकावर 'सप्रेम भेट' कोरलेलं. टोप, पातेली, पराती, झारे, डाव, ताटंपेले, सगळं शालनच्या माळ्यावर असतं. लग्न असो, बारसं असो, कुणी गेल्यावरचं जलदान असो, भांडी तिच्याकडून जातात आणि तिच्याकडे येतात. नियम एकच. भांडं न्यायचं ते सांगून, आणायचं ते घासून. एकदा एका घरानं परात तशीच खरकटी आणली, तर शालननं ती त्यांच्याच अंगणात नेऊन उपडी टाकली आणि वरून सांगितलं, की कोंबड्या चाटून साफ करतील तेव्हा आणा. तेव्हापासून भांडी लखलखीत येतात. त्यामुळे वाडीत तिचा शब्द चालतो, आणि तो चालतो हे तिला ठाऊक आहे.

याच भांड्यांत एक ट्यूब कशी शिरली त्याची गोष्ट.

पाच-सहा पावसाळ्यांपूर्वी रामजीच्या जांघेत नायटा झाला होता. त्याच्या पुतण्यानं मुंबईहून एक मलम आणलं. दोन दिवसांत रामजी खाजवायचा थांबला. ते बघून शालनच्या डोक्यात आलं, की आपल्यालाही खाली तशीच खाज आहे, आपण कुणाला सांगतो? लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून चिखलात उभ्या. कपडे ओले ते अंगावरच वाळायचे. आणि चड्ड्या म्हणजे बाप्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून आतल्या खोलीत परकराखाली वाळत घातलेल्या, तेव्हा आषाढापासून गणपतीपर्यंत त्या कधी सुकतच नसत. अंगावरून पांढरं जायचं, खाजेनं जीव जायचा, आणि बायका एकमेकींना काही न बोलता कुंपणाआड जाऊन पाय घासायच्या.

शालननं ट्यूब लावली. दोन दिवसांत गार वाटलं. मग तिनं ती शेजारच्या योगिनीला दिली. योगिनीनं चिमाआत्याला दिली. चिमाआत्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी. तिनं दिवसभरात सगळ्या वाडीला सांगितलं. अशी ती ट्यूब मंडळाची झाली. ट्यूब राहायची थोरल्या टोपात, झाकणाच्या पेल्यात, कारण तो टोप कुणी बाप्या उगाच खाली काढायचा नाही. संपली, की जिचा नवरा मुंबईहून येणार असेल तिनं नवी मागवायची. नवऱ्याला सांगायचं, सासऱ्याच्या नायट्याला हवी. त्या हिशेबानं वाडीतल्या एकूण एक म्हाताऱ्याला नायटा झालेला होता.

आणि ट्यूबचाही नियम शालननंच घातला. खाज थांबली, की ट्यूब परत. आपलं भागल्यावरही ठेवून घेणं म्हणजे हाव. तिकडे दुसरी तळमळतेय आणि तू बरी झालेली असून लावत बसलीस, हे शोभतं काय? बायकांना हे पटलं होतं. दोन दिवस लावायची आणि पेल्यात आणून टाकायची. महिन्याभरात तीच बाई पुन्हा दारात, तर त्याचा दोष पावसाला जायचा.

भाद्रपदात दर्शना आली. शालनची एकुलती एक. नवरा अभय नालासोपाऱ्याला लिफ्ट बसवायच्या कामात, आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी. येताना पोट पुढं, पाय सुजलेले, आणि तोंडावर एक चिडचिड, जी आईला लगेच दिसली.

"काय गो, रातभर कूस बदलतेस. पोर लाथा मारतंय काय?"

"पोर नाय गं आये. खाज."

मुंबईतही तिला हे दोनदा झालेलं. दोन्ही वेळा नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि बरं वाटल्यावर सोडल्या. शालननं शिडी लावली आणि टोपातून पेला काढला. दर्शनाला गार वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू. पुन्हा ट्यूब. पुन्हा तेच. आता तर आग व्हायला लागली, लघवीला बसताना डोळ्यांत पाणी यायचं.

महिन्याच्या तपासणीला दोघी रत्नागिरीला गेल्या. तिथल्या डॉक्टर समीक्षाबाई मूळच्या कोल्हापूरकडच्या, तरण्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तपासलं, बुरशीचा संसर्ग आहे म्हणाल्या, गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे तो पुष्कळ जणींना होतो, लाजायचं कारण नाही. रात्री निजताना आत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या, आठवडाभराच्या. आणि विचारलं, याआधी काही लावलंय का, काही घेतलंय का?

दर्शनानं आईकडे पाहिलं. शालननं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"नाय," शालन म्हणाली.

ट्यूब तिची एकटीची असती तर ती कदाचित बोललीही असती. पण मंडळाची वस्तू. एक नाव घेतलं तर त्याच्यामागं अख्ख्या वाडीच्या बायका ओढल्या जाणार. विहाराची भांडी सांभाळणाऱ्या बाईनं असं चारचौघांत उघडं करायचं?

तीन रात्रींनी दर्शनाला बरं वाटलं. तेव्हा शालननं उरलेल्या गोळ्या हातात घेतल्या, उलटसुलट बघितल्या आणि टोपातल्या पेल्यात नेऊन ठेवल्या. दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. चांगल्या डॉक्टरच्या आहेत.

आठवडा गेला नाही तोच खाज पुन्हा आली, आणि या वेळी अशी की दर्शना बसेना, निजेना. बाहेर भात कापणीला आलेलं आणि ही आत भिंतीला टेकून उभी. तिच्या मनानं एकच घेतलेलं, की हे आतच इतकं पेटलंय तर बाळाला पोचत असेल. अभयचा फोन आला की नुसतं हुं हुं करायची.

एका संध्याकाळी योगिनी आली. पदराआडून तिनं कागदाची पुडी काढली. आत एकच कॅप्सूल. म्हणाली, काकी, ट्यूब बाजूला ठेवा, मी ही शहरातल्या मेडिकलमधून आणली होती, एक घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळं बंद, एक जास्तीची होती ती दर्शनाला द्या. शालनला एवढा आनंद झाला की तिनं योगिनीला चहासुद्धा विचारला नाही. पेलाभर पाणी आणि कॅप्सूल घेऊन ती लेकीपुढं उभी राहिली.

दर्शनानं हात पुढं केला नाही.

"आये, ट्यूब झाली. त्या गोळ्या झाल्या. दर वेळी तू म्हणतेस, ह्यानं जाईल."

"ही तशी नाय गो. योगिनीला लागू पडली."

"योगिनीच्या पोटात पोर व्हतं काय? खाली लावत होते तोवर ते माझ्यापुरतं होतं. ही गोळी दोघांच्या पोटात जाणार. बाईंना विचारल्याबिगर मी नाय घेणार. आणि या वेळी सगळं सांगायचं. ट्यूबचंपण."

शालनचा पारा चढला. घासलेलं पातेलं तिनं उगाच पुन्हा घासलं. आपली लेक आपल्याला वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, असं रामजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं भिंतीला सांगितलं. रामजीनं विचारलं, झालंय काय? तर त्याला सांगितलं, तुमचा नायटा. तो बिचारा जांघ चाचपत बाहेर गेला.

पण निजायच्या वेळेला तिनं लेकीकडे पाहिलं. दर्शना भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला होता. शालननं कॅप्सूल पदराच्या गाठीत बांधली. उजाडताच ती चिमाआत्याच्या दारात गेली, कारण ट्यूब तिच्याकडे होती. आत्या द्यायला तयार नव्हती. म्हणाली, माजी खाज अजून गेली नाय आनि तू परत मागतेस, हा कुटला नियम? शालननं ट्यूब जवळजवळ हिसकावूनच घेतली.

दवाखान्यात समीक्षाबाईंनी तपासलं आणि कपाळाला आठी घातली. गोळ्या पूर्ण घेतल्या का, विचारलं. दर्शना बोलायला तोंड उघडते तोच शालननं गाठ सोडली आणि कॅप्सूल टेबलावर ठेवली. मग पिशवीतून ट्यूब काढली. चपटी, शेपटीकडून गुंडाळत आणलेली, तोंडाच्या बोंडाशी दोरा बांधलेली. तीही ठेवली. मग उरलेल्या गोळ्या. टेबलावर छोटं दुकान मांडल्यासारखं झालं.

"मावशी, हे काय?"

"ही माजी चूक. पोरीची नाय. मागच्या बारीला मी खोटं बोललंय."

बाईंनी ट्यूब उजेडात धरून वाचली. "ही कोण कोण वापरतं?"

"जिला लागंल ती."

"म्हणजे?"

"विहाराची हाय," शालन म्हणाली. "भांड्यांबरोबर असते."

समीक्षाबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी ओठ दाबले, मग त्यांना राहवलं नाही आणि त्या हसल्या. दर्शनाही हसली, कितीतरी दिवसांनी. शालन तेवढी गंभीर बसली होती. ती सगळं सांगत गेली, दोन दिवस लावायचं, बरं वाटलं की परत करायचं, गोळ्या कशा वाचवून ठेवल्या. सांगताना तिचा आवाज थोडा चढलाही, कारण यातलं वाईट काय ते तिला अजून कळलं नव्हतं.

बाईंनी ते समजावलं. या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र आहेत. त्यातलं एक खाज आणि लाली दाबतं, म्हणून गार वाटतं. पण खाली बुरशी तशीच राहते, उलट फोफावते. आणि ट्यूब घ्या नाहीतर गोळ्या घ्या, अर्ध्यावर सोडलं की कच्ची बुरशी मरते आणि चिवट तेवढी उरते. पुढच्या खेपेला तिचीच पिलावळ. असं करता करता अशी बुरशी तयार होते, जिच्यावर ते औषध चालतच नाही.

"टोप अर्धा घासून ठेवल्यागत," शालन म्हणाली. "उरतो तो निबर थर."

"थर तरी जागच्या जागी राहतो मावशी. ही वाढते. आणि तुम्ही ती ट्यूब हातोहात फिरवलीत, बोंड अंगाला टेकवून. म्हणजे एकीची दुसरीला."

शालननं ट्यूबकडे पाहिलं आणि हात पदराला पुसले.

"मंग ही कॅप्सूल?"

"ही मी ठेवून घेते. गरोदरपणात अशी आपली आपण घ्यायची नाही. शेजारणीला चालली असेल, तिचं पोट रिकामं होतं. दर्शना, घेतली नाहीस ते फार बरं केलंस."

मग दर्शनानं तो प्रश्न विचारला, जो ती इतके दिवस आत धरून होती. बाळाला काही झालं असेल काय? बाईंनी आधी तिला ठोके ऐकवले. ते ऐकून शालनचे डोळे भरले. ती पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, बाळ आत सुखात आहे, त्रास तुला आहे. बाळंतपणाच्या आधी हे साफ झालेलं बरं, नाहीतर जन्मताना बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, तेही बरे होतात. पण आता अंदाजानं औषध द्यायचं नाही. त्यांनी कापसाच्या काडीवर स्राव घेतला आणि लॅबला पाठवला. कुठली बुरशी आहे आणि ती कशानं मरते ते बघायला. रक्तातली साखरही तपासली. ती ठीक निघाली. रिपोर्ट येईपर्यंत सुती, सैल कपडे घालायला सांगितलं, साबणानं आत धुवायचं नाही म्हणाल्या, आणि चड्ड्या कडक उन्हात वाळवायला सांगितल्या.

हे शेवटचं शालननं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ढगांतून ऊन पडलं तेव्हा तिच्या अंगणातल्या दोरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशा, दोघींच्या चड्ड्या ओळीनं लटकत होत्या. रामजी ओट्यावर चहा पीत होता. त्यानं खुर्ची फिरवून गोठ्याकडे तोंड केलं. म्हणाला, अगो, निदान परकर तरी टाक वरून. शालन म्हणाली, परकरानंच घात केलाय.

रिपोर्ट आला. सगळीकडे ज्या जातीचं औषध देतात ते या बुरशीला लागू पडत नव्हतं; दुसऱ्या जातीचं पडत होतं, आणि ते गरोदर बाईला चालणारं होतं. आत ठेवायच्याच गोळ्या, पण पंधरवडाभर, रोज रात्री, एकही खाडा न करता.

आता प्रश्न वाडीचा होता. भांडी उपडी टाकणाऱ्या बाईला स्वतःचाच नियम मोडीत काढायचा होता. रविवारी बुद्धवंदना झाल्यावर बायका विहाराच्या पडवीत रेंगाळल्या तेव्हा शालन उभी राहिली आणि म्हणाली, ट्यूब बंद. मी जाळली. कारणही सांगितलं. मग चिमाआत्या बोलली.

"गो शालन, मंग इतकी वर्सं आमी लावत व्हतो ती काय बुरशी पाळत व्हतो?"

"व्हय."

"आनि ती तुज्या टोपात?"

"व्हय."

"आनि त्याच टोपातली खीर आमी खाल्ली?"

शालननं पेल्याला झाकण होतं, ट्यूब आधी काढून ठेवायची, टोप राखेनं घासायची, असं सगळं शपथेवर सांगितलं; पण पडवी हसण्यानं भरून गेली होती. एकीनं तिला डॉक्टरीणबाई म्हटलं, एकीनं विचारलं, आता झाऱ्याडावांबरोबर टाकेपण घालून मिळणार काय? शालन लाल झाली. पण हसता हसता एक म्हणाली, माझी खाज कधी पुरती गेलीच नाही. मग दुसरी. मग योगिनी, खाली मान घालून. कॅप्सूलनंतर महिन्यातच पुन्हा सुरू झालं होतं. शालननं ओळखलं, की आपली अब्रू जायची ती गेली आणि तरी सगळ्या आपल्याभोवतीच बसल्यात.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या एसटीत वाडीतल्या इतक्या बायका एकदम चढल्या, की कंडक्टरनं विचारलं, मावशीनू, लगीन कुणाचं? चिमाआत्या म्हणाली, तुज्या सासूचं, येतोस काय? समीक्षाबाईंनी एकेकीला वेगळं तपासलं. सगळ्यांना बुरशी नव्हती. दोघींना भलतंच दुखणं निघालं, त्यांची औषधं वेगळी. एकीची साखर वाढलेली सापडली. प्रत्येकीला आपापली चिठ्ठी, आणि ती दुसरीला द्यायची नाही. वाटून खायची सवय असलेल्या बायकांना हे जड गेलं. परत येताना त्यांनी निदान भजी तरी वाटून खाल्ली.

इकडे दर्शनाच्या गोळ्या चालू होत्या. आठवड्यात आग थांबली, खाज थांबली. ती ओट्यावर मांडी घालून बसू लागली, अभयला फोनवर टोमणे मारू लागली. एका रात्री म्हणाली, आये, बरी झाले मी, आता पुरे. पाकीट संपवत बसायचा कंटाळा आलाय.

"बरं वाटलं म्हणून मदीच सोडायचं नाय."

"हे तू बोलतेस?"

"मीच बोलतंय. दुसरं कोन बोलनार, तुजा बाबा? घे मुकाट. आनि एक पन शिल्लक दिसली तर पाकीट उपडं करून मोजीन."

पंधरवडा पुरा झाला. बाईंनी पुन्हा काडी घालून तपासलं आणि म्हणाल्या, साफ. पुन्हा काही वाटलं तर आधी इकडे यायचं. दर्शनानं बाहेर येऊन आईचा हात धरला आणि एसटी येईपर्यंत सोडला नाही. शालन म्हणाली, सोड गो, घाम येतोय. पण तिनंही काढून घेतला नाही.

त्यानंतर थंडी पडायला लागली. खाचरं मोकळी झाली, जमिनीत अजून ओल होती. एका सकाळी शालन उठली, तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता आणि दर्शना गाढ निजलेली होती. डाव्या कुशीवर, तोंड उघडं, एक हात पोटावर. अंगणात कोंबडे ओरडून थकले तरी हलली नाही. सूर्य वर आल्यावर झोपणाऱ्या माणसाला शालननं आजवर कधी माफ केलेलं नाही. रामजी नेहमीसारखा खाकरत आत आला, तर तिनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

"निजू दे तिला. काल सबंद रात एकदापन उठली नाय."

मग तिनं भिजत घातलेले पावटे निथळून टोपलीत घेतले, पदर खोचला, आणि पेरायला खाचराकडे निघाली.